मोतीला जोड

अकोल्याहून वाशिमला निघालं की पातूरचा घाट ओलांडल्यावर मेडशी येते. महामार्ग १६१ चौपदरी करताना अकोला ते मेडशी असा त्याचा एक टप्पाच पाडला होता. म्हणजे इथे थांबून चहा घ्यावा, असं कंत्राटालाही वाटलं असणार. फाट्यावरच्या टपरीजवळ हा गृहस्थ हमखास दिसतो. वय पंचेचाळीसच्या आसपास, दहा-बारा एकर सोयाबीन-तुरीचा धनी, हातात मोबाइल आणि मोबाइलात कुत्र्यांचे फोटो. घरी एक कुत्रा आहेच. त्याचं नाव मोती. मोतीला कोणी निवडलं नव्हतं. एका पावसाळ्यात तो ओसरीत येऊन बसला, दोन दिवस हाकलला गेला, तिसऱ्या दिवशी त्याला भाकर मिळाली आणि रेशनकार्डावर नाव नसलेला घरचा माणूस झाला. दुसरा मात्र पाहून-पारखून घ्यायचा आहे. ‘मोती आता निस्ता झोपते. एक जातवान पायजे बाप्पा,’ हे वाक्य दोन वर्षं चालू आहे. तेवढ्या काळात लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, डॉबरमन, रॉटवायलर आणि हस्की असे पाच उमेदवार त्याच्या मनात निवडून आले आणि पायउतारही झाले. सध्या पुन्हा हस्कीची हवा आहे.

या माणसाला लोक हौशी म्हणतात, कोणी येडा म्हणतात. मला दोन्ही पटत नाही. जोड लावण्याचं शास्त्र त्याला तोंडपाठ आहे, पण ते त्याने बैलांपुरतं राखून ठेवलं आहे. दावणीचा एक बैल गेला नि दुसरा आणायचा झाला, की बाजारात त्याला पाहावं. बैलाचा ओठ वर करून आधी दात पाहतो: आदत आहे, दोनदाती, चारदाती की जुळलेला. मग खांदा चाचपतो, खुरं पाहतो, दहा पावलं चालवून चाल पाहतो. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरेल, पण त्याआधी बैल जुंपून दाखवा, असा त्याचा हट्ट असतो. या सगळ्या वेळात त्याच्या डोळ्यांसमोर घरी राहिलेला बैल उभा असतो. त्याची उंची, त्याची चाल, त्याचा खोडसाळपणा. खिल्लार कितीही देखणा असला, तरी घरच्या संथ बैलाशेजारी जू तिरपं होणार, हे त्याला लांबूनच कळतं. देखणा बैल बाजारात सोडून रिकाम्या हाताने घरी यायचं धैर्य त्याच्यात आहे. कुत्र्याच्या वेळी हे धैर्य कुठे जातं, हाच माझा प्रश्न आहे. तेव्हा तो शेजाऱ्याच्या फाटकाकडे पाहतो, सिनेमाकडे पाहतो, पुण्यातल्या पुतण्याच्या फ्लॅटकडे पाहतो. मोतीकडे तेवढं पाहत नाही.

उमेदवारांचे मूळ धंदे पाहिले तरी पुष्कळ उलगडा होईल. हस्की सैबेरियात बर्फावरची गाडी ओढणारा. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर, आणि इकडे मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे. त्या दिवसांत पाहुण्याला कूलरसमोर बसवून जागलीला मालकालाच जावं लागेल. लॅब्राडोर हा शिकाऱ्याने पाडलेला पक्षी न चावता आणून देणारा. चोराची विसरलेली चप्पलसुद्धा तो तितक्याच प्रेमाने चोराला नेऊन देईल. जर्मन शेफर्ड मेंढरांमागे दिवसभर राबायला घडवलेला. त्याला काम दिलं नाही तर तो स्वतः शोधतो आणि बहुधा ठिबकच्या नळ्या त्याला सापडतात.

यावर त्याची हरकत तयार असते, आणि ती फालतू नाही. मेडशीच्या जंगलातून रात्री रोही उतरतात, रानडुकरं येतात, तेव्हा धिप्पाड कुत्रा नको का? आता रोह्याचा नर दोनशे किलोच्या घरात जातो. त्याला अंगावर घेऊन जिंकेल अशी कुत्र्याची जात जगात नाही, आणि डुकराच्या सुळ्याला तर धिप्पाडपणा म्हणजे जास्तीचं पोट. वावरात कुत्र्याचं काम कुस्तीचं नसून भुंकण्याचं आहे: माळ्यावरचा माणूस जागा व्हावा आणि त्याने बॅटरी मारून हाळी द्यावी, इतकंच. दोन धुऱ्यांवरून दोन कुत्री भुंकली, की जनावराला माणसं किती आहेत याचा अंदाज लागत नाही; दुसऱ्या कुत्र्याचा खरा उपयोग तो. राहिला बिबट्या. विद्या अत्रेया आणि सहकाऱ्यांनी नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात (अकोले, आपला अकोला नव्हे) बिबट्याची विष्ठा तपासली, तेव्हा त्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. त्यात जातवान किती नि गावठी किती, हा भेद बिबट्याने केलेला दिसत नाही.

वयाच्या बाबतीत तर तो बैलाचं शास्त्र उलटं धरतो. आदत गोऱ्हा जुळलेल्या बैलाशेजारी जुंपायला तो कधी धजणार नाही, पण पिल्लू मात्र जितकं लहान तितकं बरं. डोळे उघडले की उचलायचं, म्हणे लळा लागतो. श्वानपैदाशीचे केंद्राचे २०१७ चे नियम आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकू देत नाहीत, ते उगाच नाही. किती जोरात चावायचं हे पिल्लू आईकडून नि भावंडांकडून शिकतं. आधीच उचललं, तर ती शाळा मोतीच्या कानांवर भरते. आणि मोती म्हातारा. त्याला दुपारी सावली हवी, अंगावर चढणारं पोर नको. म्हणून दीड-दोन वर्षांचं जनावर घ्यावं. अंगाने भरलेलं, स्वभाव दिसलेला. इथे एक अडचण मान्य करतो. कुत्र्याच्या दातांत बैलासारखी चार-पाच वर्षांची हजेरी मांडलेली नसते. २८ दुधाचे दात पडून ४२ पक्के दात सातव्या महिन्यापर्यंत येऊन बसतात, पुढे विकणारा सांगेल ते वय. पण गल्लीतलं कुत्रं कोणत्या पोळ्याला जन्मलं, हे सांगायला अख्खी गल्ली असते. हा दाखला विकतच्या कुत्र्याबरोबर मिळत नाही.

मोती नर, तर जोड मादीची असावी. नराला नर आणि त्याहून मादीला मादी नडते, असा पशुवैद्यांचा अनुभव आहे. ‘मंग पिल्लं कोन पोसन?’ नसबंदी करावी. दरवर्षी गोऱ्हे दवाखान्यात नेऊन खच्ची करून आणणारा हा माणूस, कुत्रीच्या नसबंदीचं नाव काढलं की एकदम निसर्गाच्या बाजूने बोलायला लागतो.

शेवटी खरी हरकत बाहेर येते: गावठीला इज्जत नाही. पाहुणे ओट्यावर बसले की विचारतात, कोणत्या जातीचा? त्याला उत्तर लागतं. ही हरकत मी हसण्यावारी नेत नाही. हा प्रश्न आपल्याकडे कुणाकुणाला विचारला जातो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. कुत्र्याच्या निमित्ताने तो उघड विचारता येतो, याचंही एक सुख असावं. बरं, देशी नि वर नाववाला हवा, तर मुधोळ आहे. २००५ मध्ये टपाल खात्याने त्याचं तिकीट काढलं, म्हणजे सरकारी शिक्काही आहे. पण तो मोकळ्या माळावर सशामागे सुटणारा कुत्रा. सुटला की हाक ऐकत नाही, आणि इथे घर नि वावर यांच्यामध्ये चौपदरी रस्ता. माहूरच्या दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात. कोणत्याही कॅलेंडरवाल्याने त्यांत अजून पामेरियन घातलेला नाही. इथून सरळ खाली हिंगोलीकडे गेलं की नरसी. तिथले नामदेव तुपाची वाटी घेऊन ज्याच्यामागे धावले, त्याची जात कोणत्याही कीर्तनकाराने सांगितलेली नाही.

तेव्हा जुंपून पाहावं. नवं कुत्रं थेट ओसरीत आणू नये, ती मोतीची हद्द. दोघांना दोऱ्या बांधून परक्या धुऱ्यावर दोघा माणसांनी दहा हातांचं अंतर ठेवून शेजारी-शेजारी चालवावं. पाठीवरचे केस उभे राहतात की शेपट्या सैल हलतात, एवढं पाहावं. चार दिवस असं केलं, की जू सरळ बसतं की नाही हे कळतं. हे सगळं तो मन लावून ऐकतो. बैलाची उपमा तर त्याला फारच पटते. थोडा वेळ विचार करतो, मोबाइलातला हस्की पुन्हा एकदा मोठा करून पाहतो आणि म्हणतो, ‘बराबर हाय. जोड जमत नसन तं घरचाच इकाव लागते.’ बाकाखाली झोपलेल्या मोतीला एवढाच दिलासा, की बैलबाजारात त्याला गिऱ्हाईक नाही.