नागपूर–मुंबई, मधात सुलतानपूर

नागपूर ते मुंबई हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर. नकाशावर या दोन विमानतळांवर पट्टी ठेवून रेघ ओढली, तर ती मेहकरच्या जराशी वरून जाते. म्हणजे आकाशाच्या हिशेबात आमच्या सुलतानपूरवरूनच.

ताशी आठशेच्या वेगाने भागाकार केला, की उत्तर येतं एक्कावन्न मिनिटं. वेळापत्रक मात्र दीड तास सांगतं. धावपट्टीपर्यंत रांगत जायचं, मग चढायचं, उतरायचं, शिवाय मुंबईवर जागा मिळेस्तोवर घिरट्या घालायच्या, हे सगळं त्यात धरलेलं असतं. हिवाळ्यात वरचा पश्चिमेचा वारा जोरात असतो, त्यामुळे मुंबईहून नागपूरला येताना विमान लवकर पोचतं आणि जाताना रेंगाळतं. मेहकर आगाराच्या गाडीला असा वारा कधी लाभल्याचं ऐकिवात नाही.

सुलतानपूरकराला या विमानात बसायचं, तर आधी पूर्वेला तीनेकशे किलोमीटर नागपूर गाठावं लागतं. समृद्धी महामार्ग झाल्यापासून ते सोपं झालंय, हे खरं. पण मुंबईला निघालेल्या माणसाने तीन-चार तास मुंबईकडे पाठ करून जायचं आणि मग तिकीट काढून स्वतःच्याच गच्चीवरून उडायचं! शेजारच्या आजींचा नातू मुंबईहून नागपूरला उतरून, तिथून मागे गावाकडे येतो. आजींना हा मार्ग अजिबात पटत नाही.

"घरावरूनच येतं ना तुहं इमान? मंग मधातच उतरून घेत जाय ना."

"थांबत नाही आजी ते."

"हात दाखवून पाहाचा!"

नातू परत निघाला, की आजी पापड, कुरडया आणि तिळाच्या चटणीचं गाठोडं बांधतात. पंधरा किलोची मर्यादा म्हणून ते किराणा दुकानातल्या काट्यावर चढतं. काटा सतरा दाखवतो. दोन किलो काय काढायचं यावर खल होतो, आणि निघतात ते नातवाचे बूट.

तसं आकाशातून थेट आमच्याकडे उतरलेलं एक वाहन आहे. बारा-पंधरा किलोमीटरवर, लोणारच्या उल्काविवरात. उतरायला त्याने अंदाजे १.८ किलोमीटर व्यासाची जागा घेतली. अमरावतीच्या बेलोरा विमानतळाची धावपट्टीही साधारण तेवढीच लांब आहे. त्याच्या येण्याच्या वेळेबद्दल मात्र शास्त्रज्ञांत वाद आहे. कुणी म्हणतं ५२ हजार वर्षांपूर्वी, कुणी म्हणतं ५ लाख ७० हजार. एवढी तफावत एस.टी.च्या चौकशी खिडकीवरही कुणी सांगितलेली नाही.

बेलोऱ्याहून १६ एप्रिल २०२५ला मुंबईचं विमान सुरू झालं, तेव्हा ही बातमी मी आजींना उत्साहाने सांगितली.

"अमरावती कोणीकडं रे?"

"उगवतीकडं."

"म्हंजे पुन्हा मागंच," म्हणून त्या कुरडया वाळत घालायला गेल्या.