मागच्या सात वायरी

चहा घ्या आणि जरा सविस्तर ऐका. ही तक्रार थोडक्यात सांगितली की लोकांना क्षुल्लक वाटते.

इंग्लंडात घराच्या आवारात जुनी लँड रोव्हर डिफेंडर पुन्हा उभी करणारे आम्ही लोक बरंच काही सोसतो. गंज सोसतो, चिखल सोसतो, हिवाळ्यात गार फरशीवर पाठ टेकून गाडीखाली पडून राहणंही सोसतो. चॅसीला वेल्डिंग होतं, इंजिन उतरतं, परत चढतं. शेवटी टोबार, म्हणजे ट्रेलर ओढायचा दांडा, बसतो आणि ट्रेलरच्या दिव्यांसाठी सॉकेट जोडायची वेळ येते. तिथे जो अन्याय होतो त्याची रीतसर नोंद आजवर कुणी घेतलेली नाही.

आधी निर्विवाद बाबी. टोबारवरचा गोळा, म्हणजे टोबॉल, ५० मिलिमीटरचा. सगळ्या युरोपात तेवढाच, त्यामुळे कुठलाही ट्रेलर कुठल्याही गाडीला लागतो. साध्या ट्रेलरसाठी गाडीला सात पिनांचा काळा सॉकेट असतो आणि सात वायरींचे रंग ठरलेले असतात. पिवळी डाव्या इंडिकेटरची, निळी मागच्या फॉग लाइटची, पांढरी अर्थिंगची, हिरवी उजव्या इंडिकेटरची, तपकिरी उजव्या टेल लाइटची, लाल ब्रेक लाइटची आणि काळी डाव्या टेल लाइटची. व्यवस्था चोख आहे. तिच्याबद्दल माझी काही हरकत नाही.

हरकत पुढे आहे. गाडीच्या आतल्या वायरिंगला जुन्या ब्रिटिश पद्धतीचे रंग आहेत, आणि तेही इतकेच पक्के ठरलेले. तिथे काळी वायर अर्थिंगची. पांढरी इग्निशनची, म्हणजे किल्ली फिरवली की तिच्यात करंट. तपकिरी थेट बॅटरीची. लाल साइड लाइटची. हेच चार रंग ट्रेलरच्या केबलमध्येही आहेत आणि चारही वेगळ्या कामाला लावलेले आहेत.

आता एखाद्या सरळमार्गी माणसाने रंगाला रंग जोडला तर काय होतं ते मुद्देसूद पाहा. काळीला काळी जोडली, तर ट्रेलरचा डावा टेल लाइट कधीच लागत नाही. तपकिरीला तपकिरी जोडली, तर किल्ली खिशात घालून घरात गेलात तरी उजवा टेल लाइट रात्रभर जळतो आणि सकाळी बॅटरी उतरलेली. पांढरीला पांढरी जोडली, तर दिव्यांची परतीची वाट जिथे असायला हवी तिथे इग्निशनचा प्लस येऊन बसतो. लालला लाल जोडली, तर साइड लाइट लावले की ट्रेलरचे ब्रेक लाइट पेटतात आणि तसेच पेटलेले राहतात. तुम्ही खरोखर ब्रेक दाबाल तेव्हा मागच्या गाडीला काहीच वेगळं दिसत नाही. यात जीव जाऊ शकतो. म्हणून हे प्रकरण मी क्षुल्लक मानत नाही.

हिरव्या रंगाचा मुद्दा स्वतंत्र आहे. गाडीत डावा इंडिकेटर म्हणजे हिरव्या वायरवर लाल रेघ, उजवा म्हणजे हिरवीवर पांढरी, ब्रेक लाइट म्हणजे हिरवीवर जांभळी. तीस वर्षांच्या चिखला-तेलात या बारीक रेघा पुसून जातात आणि हातात तीन मळक्या हिरव्या वायरी उरतात. सॉकेटसोबत आलेला कागद म्हणतो, ‘हिरवी वायर उजव्या इंडिकेटरला जोडा’. कोणती हिरवी, ते तो सांगत नाही. मग टेस्ट लॅम्प घेऊन एकेक वायर तपासायची आणि घरातल्या कुणाला तरी स्टिअरिंगवर बसवून ‘आता ब्रेक, आता डावा’ असं गाडीखालून ओरडायचं.

त्यात सॉकेटवर पिनांचे आकडे, पण पुढून पाहिलं तर एका दिशेने आणि मागून, जिथे वायर जोडायची तिथून, उलट दिशेने. सातवी पिन मधोमध. काही सॉकेटांवर आकड्यांच्या जोडीला जर्मन पद्धतीच्या खुणाही असतात: ३१ म्हणजे अर्थिंग, ५४ म्हणजे ब्रेक. म्हणजे एकाच पिनेला दोन नंबर.

एवढं सगळं बरोबर जोडलंय की नाही, हे कुणी पाहतं का? तेरा पिनांचा नवा सॉकेट असेल तर गाडीच्या वार्षिक एमओटी तपासणीत त्याचे दिवे यंत्र लावून तपासतात. सात पिनांचा असेल तर तो घट्ट बसलाय आणि फुटलेला नाही, एवढंच पाहतात. साडेतीन टनांपर्यंतच्या ट्रेलरला तर ग्रेट ब्रिटनमध्ये वार्षिक तपासणीच नाही. जड ट्रेलर ओढायला चालकाला वेगळी परीक्षा द्यावी लागायची, ती डिसेंबर २०२१ मध्ये बंद झाली. म्हणजे मागून येणाऱ्या कुटुंबाला ब्रेक लाइट वेळेवर दिसेल की नाही, याची सगळी जबाबदारी गाडीखाली पडलेल्या एका माणसावर आणि त्याच्या हातातल्या तीन हिरव्या वायरींवर.

रंग बदलता येत नाहीत, असं कुणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका. याच देशाने घरातल्या वायरिंगचे लाल-काळे रंग २००४ पासून तपकिरी-निळे केले आणि बाकी युरोपच्या बरोबर आणले. भिंतीतल्या वायरीसाठी जे जमलं त्यातलं थोडं टोबारसाठीही जमावं. जुन्या गाड्यांचे रंग आता बदलणार नाहीत, हे मान्य. पण सॉकेटसोबतच्या कागदावर ट्रेलरच्या प्रत्येक रंगासमोर जुन्या ब्रिटिश गाडीचा रंग छापायला एका ओळीची जागा पुरते. ती ओळ छापलीच पाहिजे.

तोवर विनंती तुम्हाला. जोड इन्सुलेशन टेपने गुंडाळून मोकळे होऊ नका. नीट क्रिंप करा, वर हीट श्रिंक स्लीव्ह चढवा आणि प्रत्येक वायरीला तिच्या कामाचं नाव लिहिलेली चिठ्ठी लावा. मग ट्रेलर जोडून, मागे कुणाला तरी उभं करून, प्रत्येक दिवा लावून बघा. ती गाडी पुढे दुसऱ्या कुणाकडे जाईल. त्यालाही याच फरशीवर पडायचं आहे.