गुलाबी नरसाळं

अहो, ऐकलंत का? इकडे जास्वंदीपाशी या, तिथून वरच्या गॅलरीत सगळं ऐकू जातं. पिवळ्या बंगल्यातल्या वहिनींकडचं कळलं ना? नाही? कमाल आहे तुमची! अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. मी नाही हं कुणाला सांगितलं.

मंगळवारी दुपारी त्यांच्याकडे सुनेच्या नावाचं पार्सल आलं. सून कामावर, फिजिओथेरपिस्ट ना ती. आणि पार्सल दिसलं की वहिनींचा हात कात्रीकडे जातो, ते दिवाळीचं प्रकरण तुमच्यासमोरच झालं होतं… हां, तेच. उघडलं. आत काय, तर गुलाबी, मऊ, रबरासारखं नरसाळं! वहिनी खूश. म्हणाल्या, पोरीच्या लक्षात राहिलं बाई, तेल ओतताना माझं निम्मं ओट्यावर जातं. आणि लावलं की हो डब्यातून बरणीत ओतायला! घाण्यावरचं शेंगदाणा तेल, पाच किलोचा डबा!

संध्याकाळी सून आली, पाणी प्यायला आत गेली. मी नेमकी विरजण मागायला गेले होते. योगायोग म्हणा. पोरीचा चेहरा आधी पांढरा, मग लाल. "आई… अहो ते… ते बायकांना उभ्यानं लघवी करता यावी म्हणून असतं."

वहिनींच्या हातात बरणी तशीच. काकांनी, वहिनींच्या यजमानांनी हो, टीव्हीचा आवाज मोठा केला. जाहिरात चालू होती, बनियनची.

नवंकोरं होतं हो, हात नव्हता लागला. पण वहिनींना तेल पोटात नको आणि समईतही नको. शेवटी काकांनी गेटच्या बिजागऱ्यांना घातलं. तेल पाच किलो, बिजागऱ्या दोन! आता ते गेट वाजतच नाही, त्यांच्याकडे कोण आलं न् कोण गेलं काही म्हणून कळत नाही. नुसती पंचाईत.

तर काय सांगत होते… हां. सुनेचं म्हणणं, रविवारी मैत्रिणींबरोबर वासोट्याला चाललेय. बामणोलीहून लाँच, पुढे दिवसभर जंगल. जीन्स घालून आडोसा शोधत बसायचं, आणि बसायचं तरी कुठे, जळवा-काटे बघून? त्यात ही शिकलेली. म्हणते, घाणेरड्या संडासात आपण टेकत नाही, अधांतरी ओणव्या राहतो ना, त्यानं ओटीपोटाचे स्नायू सैलच होत नाहीत, सगळी लघवी बाहेर पडत नाही. आणि नीट उभं राहायला हे नरसाळं. दिल्लीच्या आयआयटीतल्या मुलांनी २०१८ साली वापरून टाकून द्यायचं असंच एक काढलं होतं, दहा रुपयांना. म्हणजे चहाच्या भावात!

तर वहिनी ताठ झाल्या. "आपल्या शास्त्रात हे बसत नाही."

आणि कोपऱ्यातल्या खाटेवरून आजी, वहिनींच्या सासूबाई हो, नव्वदी गाठलेल्या, झोपल्यात म्हणून सगळे बोलत होते, त्या म्हणतात कशा, "बसत न्हाई? मग हुबं ऱ्हातं का?"

अहो, मी पदर तोंडात कोंबला!

आजी मूळच्या जावळीकडच्या. उठून बसल्या आणि सुरूच झाल्या. "भातलावणीला गुडघाभर चिखुल. त्यात बसायचं कुटं? बांधावर चढायचं, काष्टा सैल करायचा, वाईच वाकायचं, झालं. समद्या बाया तसंच करायच्या. तुमी पाचवारी नेसाया लागला आन् बसाया लागला." वहिनींचा चेहरा बघवेना. त्यांनी आयुष्यभर सासूच्या सोवळ्याच्या गोष्टी सांगितल्यात आपल्याला. त्या सासूबाई बांधावर!

घरी येऊन आमच्या ह्यांना सांगितलं. इतिहासाचे मास्तर, रिटायर झाले तरी तास संपत नाही. म्हणे, अडीच हजार वर्षांपूर्वी हिरोडोटस नावाच्या ग्रीकानं लिहून ठेवलंय, इजिप्तमध्ये बायका उभ्यानं करतात आणि पुरुष बसून. त्याला तो उलटा देश वाटला. आणि शास्त्रच हवं तर मनुस्मृतीचा चौथा अध्याय काढ. उभ्यानं करू नये, चालताना करू नये, रस्त्यावर करू नये. आणि हे सगळं सांगितलंय पुरुषांना! खरंच हो, आमचे आजेसासरे जानवं कानाला अडकवून उकिडवेच बसायचे. मग पुरुष उभे राहिले कधी? त्यांना कुणी शास्त्र विचारलं? आता भिंतीभिंतीवर देवांच्या टाइल्स लावाव्या लागतात, तरी कुणी थांबत नाही. बाईनं नुसतं नरसाळं मागवलं तर घरात भूकंप.

परदेशात तरी काय वेगळं आहे म्हणा. माझी भाची हॉलंडला असते, तिनं सांगितलेलं. ॲमस्टरडॅममध्ये रात्री एका मुलीला आडोशाला बसलेली असताना पोलिसांनी पकडलं, दंड केला. ती कोर्टात गेली. २०१७ मध्ये जज्ज म्हणतो, पुरुषांची मुतारी वापरायचीस, आवडलं नाही तरी जमतं! गावात पुरुषांच्या मुताऱ्या पस्तीस, बायकांसाठी सोयी तीन. मग काय, तिथल्या बायकांनी त्या मुताऱ्यांत कसरती करून फोटोच काढले. आणि शेजारी जर्मनीत, ड्युसेलडॉर्फला, घरमालक म्हणत होता की भाडेकरूनं उभ्यानं करून करून संगमरवरी फरशी खराब केली, तर २०१५ साली कोर्टानं निकाल दिला, पुरुषानं उभ्यानं करणं चालतं. संगमरवर गेलं खड्ड्यात. पुरुष उभा राहिला तर कोर्ट त्याच्या बाजूनं, बाई बसली तर दंड!

आपल्याकडे मुंबईत बायकांनी 'राइट टू पी' म्हणून २०११ पासून भांडण काढलंय. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून पैसे घ्यायचे, हे कुणाला खटकलंच नव्हतं. मला तरी कुठे खटकलं होतं? शाळेत करंगळी वर करायलासुद्धा लाज. एसटीनं जायचं तर आदल्या रात्रीपासून पाणी बंद. आमच्या मोठ्या नणंदेला त्यापायी इन्फेक्शन झालं, ताप आला, सलाइन लागलं, आणि घरात सांगितलं काय, तर ऊन लागलं. आपण सगळ्यांनी मान डोलावली की नाही? ऊन! डिसेंबरात!

तर काय सांगत होते… वासोटा. सून जाऊन आली हो. पाचही जणी झकास. म्हणाली, पहिल्यांदा भीती वाटते, घरी बाथरूममध्ये दोन-तीनदा सराव करायचा, घट्ट धरायचं, घाई करायची नाही. मग पाण्यानं धुऊन पिशवीत टाकायचं. बस, एवढंच.

आता हे मात्र कुणाला बोलू नका, शप्पथ घ्या. काल वहिनी स्वतः आल्या, इथेच, या जास्वंदीपाशी. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय ना त्यांचं, उकिडवं बसायला डॉक्टरांची बंदी. बाहेरगावी गेल्या की भारतीय संडास बघून परत फिरतात बिचाऱ्या, हे मला आजवर माहीत नव्हतं. इकडे-तिकडे बघितलं आणि म्हणतात, "तुमच्या मोबाइलवरून मला एक मागवून द्या. पार्सल तुमच्या पत्त्यावर येऊ दे. सुनेला कळायला नको."

मी दोन मागवलीत, एक त्यांना, एक मला. तुमचेही गुडघे कुरकुरतात की, आणि सोलापूरच्या लग्नाची बस सहा तास कुठे थांबत नाही. ऑर्डर आज रात्रीपर्यंत वाढवता येते. बोला, तिसरं सांगू का?