बैठकीखालचे वैभव

अभिजात स्पोर्ट्‌स मोटारीच्या जीर्णोद्धारात मालकाचा सर्वाधिक अभिमान ज्या भागावर खर्ची पडतो, तो भाग मालक स्वतःच वर बसून झाकून टाकतो. आणि या मालकवर्गात प्रस्तुत निबंधकर्त्याचाही समावेश होत असल्यामुळे विवेचनात तटस्थतेची अपेक्षा ठेवू नये. आसनाचे लोखंडी सामान म्हणजे आसन पुढेमागे सरकवणारे दोन रूळ, ते जागी अडकवणारा खटका आणि रूळ तळपत्र्याला आवळणारे बोल्ट. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे तयार झालेल्या एमजीबी मोटारीत रुळांखाली लाकडी पट्ट्याही असतात, आणि ओल व गंज यांचा संसार तेथेच थाटला जातो.

त्या काळच्या ब्रिटिश मोटारींत सर्रास आढळणारा ५/१६ इंची बोल्ट ७.९४ मिलिमीटर जाडीचा असल्याने बाजारातील ८ मिलिमीटरचा बोल्ट त्याच्या जागी आरंभी निमूट चढतो. परंतु एकाच्या दोन आट्यांतील अंतर १.०६ आणि दुसऱ्याच्या १.२५ मिलिमीटर असल्याने तो लवकरच अडतो, आणि जोर केल्यास दोन्हीकडचे आटे जातात.

भिन्न आट्यांची मंडळी एकत्र बसवणे किती अवघड, हे आमच्या खर्डा गावाला निराळे सांगावे लागत नाही. ११ मार्च १७९५ रोजी याच परिसरात परशुरामभाऊ पटवर्धनांच्या सेनापतित्वाखाली शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले असे सारे सरदार निजामाविरुद्ध उभे राहिले. निजाम अली खर्ड्याच्या किल्ल्यात कोंडला गेला आणि मुलूख, खंडणी व खुद्द आपला दिवाण मुशीर-उल्-मुल्क देऊन सुटला. त्याच वर्षी ऑक्टोबरात सवाई माधवराव वारले आणि नाना फडणविसांनी आवळून आणलेली ती जुळणी ढिली होत गेली. या प्रकरणाचा आसनाशी संबंध एवढाच की, येथील जीर्णोद्धारक पाहुण्यांना आधी लढाई सांगतो, मग बोल्ट, आणि दोन्ही विजयांत त्याचा स्वतःचा वाटा सारखाच असतो.

वाटा ज्याचा असतो तो लेथवाला, म्हणजे फिरत्या यंत्रावर धातू कापून घडवणारा कारागीर, गंजून अर्ध्या उरलेल्या नमुन्यावरून माप घेऊन हव्या त्या आट्यांचा बोल्ट घडवून देतो. तरीही प्रदर्शनातील फलकावर मोटारीचे वर्ष आणि मालकाचे आडनाव तेवढे झळकते, व खाली 'सर्व भाग मूळचे' असे धडधडीत असत्य लिहिले जाते. हा अन्याय थट्टेवारी नेण्याइतका लहान नाही. मालकाने निदान पहिल्या फेरीला त्या कारागिरास शेजारी बसवून न्यावे, असे सुचवता आले असते. परंतु शेजारचे आसन अद्याप गंजलेलेच असते, कारण तेथे बसून मालकाचा फोटो चांगला येत नाही.