पक्षांतर

शनिवारी रात्री साडेआठपर्यंत जेवणं उरकून आम्ही दोघं सिनेमाला बसतो. घरातच. दूरदर्शनवर शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट लागायचा, तेव्हापासूनचा हा नेम. तेव्हा शेजाऱ्यांकडे सतरंजीवर बसून व्यत्ययाच्या पाटीसकट पाहायचो. आता कंबरेला उशी लावून पाहतो आणि व्यत्यय आम्हीच आणतो, कधी चहासाठी, कधी गोळी राहिली म्हणून. सिनेमा संपला की मी वहीत दोन ओळी लिहितो. १९८६ पासून लिहितोय. बँकेची डायरी दरवर्षी फुकट मिळायची, ती वाया जाऊ नये एवढाच मूळ उद्देश.

मागच्या पावसाळ्यात माळ्यावर गळती लागली म्हणून त्या डायऱ्या खाली काढल्या. वाळत घालता घालता वाचत बसलो आणि ध्यानात आलं की आपण पक्के आयाराम-गयाराम आहोत. सिनेमा तोच, माणसं तीच, आणि मी दर दहा-पंधरा वर्षांनी बाजू बदलून मोकळा. विधानसभेत असतो तर एव्हाना एखादं महामंडळ तरी पदरात पडलं असतं.

‘संत तुकाराम’चंच बघा. प्रभातचा, १९३६ चा, दामले-फत्तेलालांनी केलेला. मुंबईत एकाच थिएटरात वर्षाहून जास्त चालला, व्हेनिसपर्यंत जाऊन नावाजला गेला. माझी १९९१ ची नोंद अशी : ‘विष्णुपंत पागनीस म्हणजे साक्षात तुकोबा. आवली फार तोंडाळ.’ आणि २०१९ ची : ‘आवलीचं काहीही चुकत नाही.’

या दोन ओळींच्या मध्ये एक जामीन आहे. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या कर्जाला मी मोठ्या मनाने सही दिली. तो बदली घेऊन गेला आणि हप्ते मात्र माझ्या पगाराला येऊन चिकटले, तीन वर्षं. त्या तीन वर्षांत घर कसं चाललं ते मला आजही नीट माहीत नाही. हिला माहीत आहे. त्यानंतर पडद्यावरची आवली वेगळीच दिसायला लागली. पोर आजारी, घरात दमडी नाही, आणि ही बाई त्या पोराचा हात धरून त्याला ओढत देवळात नेते, दुसऱ्या हातात चप्पल, थेट पांडुरंगाचाच हिशेब करायला. आवलीचं काम करणारी गौरी प्रभातमध्ये झाडलोटीच्या कामाला लागली होती. ते कळल्यापासून तर मला वाटतं की त्या चपलेत अभिनय कमी आणि अनुभव जास्त असावा. तुकोबा वैकुंठाला जातात. मुलांचं बघायला आवली मागे राहते. विमानाचं कौतुक आपण सगळे करतो. दुसऱ्या दिवशी चूल कुणी पेटवली, हे विचारायला मला पन्नाशी उलटावी लागली.

ही मात्र लग्नापासून आवलीच्याच पक्षात. २०१९ ची ओळ मी जरा अभिमानानेच वाचून दाखवली, तेव्हा नुसतं ‘हं’ म्हणाली. त्या ‘हं’मध्ये छत्तीसच्या छत्तीस हप्ते होते.

‘सामना’चं पक्षांतर मात्र सांगायला लाज वाटते. तेंडुलकरांचं लेखन, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, एकीकडे डॉ. लागूंचा दारुडा मास्तर आणि दुसरीकडे निळू फुल्यांचा साखरसम्राट हिंदुराव. विशी-बाविशीतला कुठला मुलगा हिंदुरावाच्या बाजूने उभा राहील? मारुती कांबळेचा माग न सोडणारा मास्तर माझा देवच होता. पुढे मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी झालो. आमच्याकडे दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ आहेत. दर मीटिंगला सगळे विषय संपले, चिवड्याच्या बश्या फिरल्या की ते शांतपणे विचारतात, ‘टाकीच्या हिशेबाचं काय झालं?’ टाकीचं काहीही झालेलं नाही, नुसती दोन बिलं सापडत नाहीयेत. पण तो प्रश्न जिन्यात येतो, भाजीच्या गाडीपाशी येतो, एकदा तर लग्नाच्या पंगतीत समोरच्या पाटावरून आला. त्या आठवड्यात ‘सामना’ पुन्हा पाहिला आणि पहिल्यांदाच मनात आलं की मास्तरला उचलून वाड्यावर आणणारा, खाऊपिऊ घालणारा तो माणूस, त्याचीही काही बाजू... डायरीत त्या रात्री मी फक्त तारीख लिहिली आहे.

‘पिंजरा’त मी १९८७ पासून मास्तरांच्याच बाजूला आहे. पण त्यात निष्ठेचा भाग नाही. मला भुरळ पाडायला आमच्या गावात फडच आला नाही.

‘श्वास’पुढे दोन्ही वेळी एकच शब्द आहे : ‘पाहिला.’

आणि ‘अशी ही बनवाबनवी’! १९८८ ला लागला तेव्हा मी पुण्यात कॉट बेसिसवर राहत होतो. खोलीत कॉट तीन आणि आम्ही पाच जण; मालक जिन्यात खोकले की दोघं गॅलरीत उतरायचे. त्यामुळे धनंजय माने आणि मंडळी म्हणजे आमचंच शिष्टमंडळ पडद्यावर गेलेलं. सुधीर जोशींचा विश्वासराव सरपोतदार दिसला की आम्ही शिट्ट्या घालायचो.

आता माझा एक वन बीएचके भाड्याने दिलेला आहे. अकरा महिन्यांचा करार, दोन मुलं, दोन आधार कार्डं. गेल्या शनिवारी सिनेमा चालू असताना मी म्हटलं, ‘सरपोतदाराचं काय चुकलं? खोली दिली एकाला, आणि माणसं बघ कशी वाढतायत.’ हिने पॉज केला आणि माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, ‘अहो, मग उद्या जाऊन आपल्याकडच्या चपला मोजून या.’

गेलो. नळ गळतोय का बघायला आलो, असं सांगितलं. दाराबाहेर सात जोड. आत दोन मुलं आणि एक मावसभाऊ, आणि बाथरूममध्ये बराच वेळ कुणीतरी अजिबात आवाज न करता आंघोळ करत होतं. मला चहा दिला कपातून, ते स्टीलच्या पेल्यातून प्याले. कप बहुधा एकच असावा. स्वयंपाकघराच्या दाराआड एक गादी गुंडाळून उभी केली होती, तिच्यावर टॉवेल टाकून तिचा कोट-स्टँड करण्याचा प्रयत्न झाला होता. आमच्या वेळी आम्ही चादर टाकायचो. नळ खरंच गळत होता. मी तो पिळून बंद केला आणि, जरा मोठ्यानेच, ‘निघतो मी’ म्हटलं, बाथरूमपर्यंत ऐकू जाईल असं.

घरी आल्यावर हिने दारातच विचारलं, ‘किती आहेत?’

‘दोनच,’ मी म्हटलं.