फरक पडालाय की!

शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत हा गृहस्थ असतोच, त्यामुळं ओळख करून द्यायला नको. क्वालिटीत नोकरी, वय चाळिशीच्या अलीकडं-पलीकडं, कपाळ टाळूला भेटायला निघालेलं आणि गाडीच्या डिकीत तेलाची बाटली. बाटलीत कांद्याचा रस, माका, जास्वंद, कढीपत्ता आणि एक 'गुपित'. गुण आला का, असं विचारायची सोय नाही; उत्तर ठरलेलं. "फरक पडालाय की!" हाच माणूस स्पेक्ट्रोचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय मेटल ओतू देत नाही. एका कास्टिंगला ब्लोहोल दिसला तर अख्खा लॉट बाजूला काढतो. एखादा सप्लायर रिपोर्टऐवजी "फरक पडालाय की" म्हणाला, तर त्याला गेट दाखवेल. स्वतःच्या डोक्याला मात्र इन्स्पेक्शन माफ. तिथं साडूच्या मेव्हण्याचा शब्द हेच टेस्ट सर्टिफिकेट.

माझं म्हणणं एवढंच, की त्यानं कारखान्यातली अक्कल सुट्टी झाल्यावर लॉकरमध्ये ठेवू नये. कांद्याच्या रसाची चाचणी झालेली आहे. 2002 साली, बगदादच्या डॉक्टरांनी केलेली. गुणही आला. पण ती चाई पडलेल्यांवर होती. चाईत शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते आणि ते केस पुष्कळदा आपणहूनही परततात. पुरुषांचं टक्कल हा निराळा मामला. टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी तयार होतं आणि ज्यांच्या घराण्यात हे असतं त्यांची टाळूवरची मुळं त्यानं आक्रसत जातात. लहानपणीच वृषण गेलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, पण टेस्टोस्टेरॉन दिलं की घराण्यात टक्कल असलेल्यांना ते पडू लागतं, हे जेम्स हॅमिल्टननं 1942 मध्येच दाखवलं. तेव्हा हेल्मेट, भट्टीची धग आणि बोअरचं पाणी निर्दोष सुटायला हरकत नाही. खोबरेलाचं काय? मुंबईच्या मॅरिकोच्या संशोधकांनी 2003 मध्ये दाखवलं, की त्यानं केसातलं प्रथिन कमी झिजतं. त्यासाठी केस मात्र जागेवर असावा लागतो.

यावर तो मोबाइल काढतो. रोजमेरीच्या तेलानं मिनॉक्सिडिल या टकलावरच्या औषधाइतकाच गुण आला! आला, 2015 च्या इराणमधल्या चाचणीत. पण समोर 2 टक्क्यांचं सौम्य मिनॉक्सिडिल होतं आणि काहीच न लावणारा तिसरा गट नव्हता. दोन्ही कास्टिंग सारखी निघाली एवढ्यावर दोन्ही पास, असं तो स्वतः तरी लिहील का? मग शेवटचं अस्त्र: टकलावरच्या गोळीचे साइड इफेक्ट. हा आक्षेप खरा आहे. 1 मिलिग्रॅम फिनास्टेराइडला अमेरिकेत 1997 मध्ये टकलासाठी मान्यता मिळाली, ती औषध नसलेल्या गोळीशी तुलना करूनच. आणि त्याच चाचण्यांत थोड्या पुरुषांची कामेच्छा घटल्याचीही नोंद झाली. म्हणून ती त्वचारोगतज्ज्ञाला विचारून घ्यायची. मिनॉक्सिडिल तर मुळात रक्तदाबाचं औषध. सुरुवातीला त्यानं केस जास्तच गळू शकतात, गुण दिसायला चारेक महिने जातात, आणि सोडलं की कमावलेलं परत जातं. हे सगळं आपल्याला ठाऊक आहे, कारण कुणीतरी मोजलं. बाटलीतल्या 'गुपिता'चे तोटे कुणी मोजलेच नाहीत, म्हणून ते नाहीत. राहिला 'नैसर्गिक'चा मुद्दा. डीएचटीइतकं नैसर्गिक त्या डोक्यावर दुसरं काही नाही.

इतकं सुनावूनही या माणसाचा राग धरता येत नाही. सेकंड शिफ्टच्या चहाला मोल्डिंगवरचं बावीस-तेवीसचं पोरगं टोपी काढायला लाजतं. घरचे मुली बघायला लागलेत. हा त्याला शेडच्या मागं नेतो, स्वतःच्या हातानं तेल चोळतो, बाटली देतो आणि पैशाचं नाव काढलं तर शिव्या घालतो. अख्ख्या एमआयडीसीत इतक्या मायेनं कुणी कुणाच्या डोक्यावरनं हात फिरवत नसेल. पण औषध लागू पडतं ते केस बारीक होत असतानाच. मूळ पुरतं आटलं की मिनॉक्सिडिलही हात टेकतं. पोराचे केस आत्ता बारीक व्हायला लागलेत. वर्ष-दोन वर्षं ते इमानानं तेल लावेल आणि दर पगाराला काकांपुढं डोकं वाकवेल. काका चष्मा वर करून, कास्टिंग न्याहाळतात तशी टाळू न्याहाळतील आणि पास करतील.