ऐकू येत असेल तर ऐक

(बहिरेपणाचा खोटा दाखला लावून एमबीबीएसची जागा घेणाऱ्यास खुले पत्र)

अरे बाळा,

तुझे नाव लिहीत नाही. पुण्यात हे पत्र ज्याच्यासाठी आहे त्याला ते बरोबर कळेल. क्लासमध्ये शेवटच्या बाकावरून तुला सरांचे पुटपुटणेही ऐकू यायचे. नीटचा निकाल लागला, मार्क कमी पडले, आणि तुझे दोन्ही कान गेले.

कानांची साधी चाचणी कशी होते हे मला ठाऊक आहे. हेडफोन लावतात, आवाज आला की बटण दाबायचे. तू दाबले नाहीस. डॉक्टर होण्यासाठी तू केलेले हे पहिले काम. खरे तर बेरा नावाची दुसरी चाचणी असते. तिच्यात डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवतात आणि आवाज गेल्यावर कानाची नस व मेंदू काय उत्तर देतात ते यंत्र मोजते. तिथे बटण नसते, म्हणून खोटे बोलायला जागाही नसते. ती तू कशी चुकवलीस, ते तुला, तुझ्या वडिलांना आणि सही करणाऱ्याला माहीत.

माझ्या मुलाला हिमोफिलिया आहे. रक्त गोठवणारा आठवा घटक त्याच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही. हा आजार त्याच्याकडे माझ्यातून गेला. आमच्या फ्रीजमध्ये लोण्याच्या डब्याशेजारी त्या घटकाच्या, म्हणजे फॅक्टरच्या, बाटल्या असतात. काही लागले-खुपले नाही तरी त्याच्या गुडघ्यात आतल्या आत रक्त साचते, सांधा टम्म फुगतो, आणि तो रात्रभर बर्फ धरून बसतो. असे पुन्हापुन्हा झाले की सांधा कायमचा झिजतो. शीर नीट न सापडणारी नर्स आणि पहिल्या टोचणीत सापडणारी नर्स यांतला फरक त्याला पहिलीत जायच्या आधी कळला होता. वॉर्डात नवे मूल आले की तो त्याच्या खाटेजवळ जाऊन बसतो आणि सुई टोचताना कुठे बघायचे ते सांगतो. त्याला बी. जे. मेडिकलला जायचे आहे. नीटच्या पेपरात यातले काहीच विचारत नाहीत, आणि प्रवेशाच्या यादीत फक्त आकडे असतात. त्याच्यासाठी एकच दार थोडे किलकिले झाले होते.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून 21 केले. हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल त्यात आले. कलम 32 प्रमाणे सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान 5 टक्के जागा 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व असणाऱ्यांसाठी राखीव झाल्या. पाच टक्के म्हणजे शंभरातल्या पाच, रे. त्यातली एक तू उचललीस.

हे दार कोणी उघडले ते तरी माहीत करून घे. सुरेश अडवाणींना आठव्या वर्षी पोलिओ झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकलने आधी त्यांना अपंग म्हणून नाकारले. ते भांडून आत गेले, चाकाच्या खुर्चीवरून शिकले आणि 1983 मध्ये टाटा मेमोरियलमध्ये त्यांनी बोन मॅरो ट्रान्सप्लांट यशस्वी करून दाखवले. पुढे पद्मभूषण झाले. 2024 च्या ऑक्टोबरात महाराष्ट्रातल्याच एका विद्यार्थ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, निव्वळ टक्केवारीवरून कोणाला एमबीबीएस नाकारता येणार नाही. मुलगा हा अभ्यासक्रम करू शकतो का, हे तपासा. त्या मुलाला बोलताना अडचण होती. ती त्याने न्यायालयात लपवली नाही, आणि वाढवूनही सांगितली नाही.

आणि तू? 2024 मध्ये पुण्यातल्या एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या दिव्यांग दाखल्यावरून देशभर चर्चा झाली, तेव्हापासून या शहरात प्रत्येक दाखल्याकडे संशयाने बघतात. त्या संशयाची किंमत तू देत नाहीस, माझा मुलगा देतो. तपासणी मंडळासमोर त्याला ऐकावे लागते, "चालतोय की चांगला!" ज्या दिवशी गुडघा सुजलेला नसतो, त्या दिवशी तो खोटारडा ठरतो. जागा एकाची गेली. विश्वास मात्र सगळ्यांवरचा उडाला. याचा मला जास्त राग येतो.

उद्या तू स्टेथोस्कोप कानाला लावशील. छातीतली घरघर, हृदयाचा बारीकसा मरमर, सगळे ऐकू येईल तुला. समोरचा रोगी सांगेल की दुखतंय, आणि त्याचे खरे मानायचे की नाही हे तू ठरवशील.

दिव्यांग हक्क कायद्याचे कलम 91 वाच. दिव्यांगांसाठीचा लाभ फसवणुकीने घेणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, असे त्यात लिहिले आहे. पण तू तुरुंगात जावास म्हणून मी हे लिहीत नाही. बेराची चाचणी करून घे, तिचा कागद घेऊन कॉलेजात जा आणि प्रवेश रद्द करण्याचा अर्ज दे. प्रवेशाच्या फेऱ्या अजून संपलेल्या नाहीत. त्या संपायच्या आत जा.

एक आई
पुणे